सकाळचं मॉक ड्रिल

ता. ३, बुधवार

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायला नाही, माझी मला. कंपनीत कुणाचं बोट चेपलं तरी मी नोंद करतो आणि घरात एवढं सगळं चाललेलं असताना एक ओळ लिहीत नाही, हे बरोबर नाही.

परिस्थिती अशी. शाळा एकोणतीस तारखेला उघडते. आमचा बारक्या चौथीत जाणार, नव्या शाळेत. जुन्या शाळेत मागच्या वर्षी काहीतरी बिनसलं आणि रोज सकाळी त्याचं पोट दुखायला लागलं. गेटपर्यंत यायचा आणि तिथे पाय रोवून उभा राहायचा. ओढला तर रडायचा, रडला की ओकायचा. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले, पोटात काही नाही. शेवटचे दोन महिने तो शाळेत गेलाच नाही. नव्या शाळेच्या मोठ्या बाईंनी प्रवेश दिला, पण स्पष्ट सांगितलं की पहिल्या आठवड्यात वर्गात बसला तर ठीक, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला जाईल. बाहेर रांग आहे.

ही हॉस्पिटलात नर्स. एकोणतीसपासून हिची पहाटेची ड्यूटी, बदलून मिळत नाही. म्हणजे सकाळ माझ्याकडे.

हिने विचारलं, जमेल ना तुला? मला हसू आलं. अख्खा कारखाना शिट्टीवर रिकामा करणारा सेफ्टी ऑफिसर मी. एक चौथीतला मुलगा शाळेच्या गेटातून आत घालायचा, यात न जमण्यासारखं काय आहे?

ही म्हणाली, आधी त्याच्याशी बोल. शाळेत काय झालं होतं ते विचार. मला सांगत नाही. विचारतो म्हटलं.

ता. ४, गुरुवार

बोलणं झालं नाही, कारण त्याची गरजच नाही हे लक्षात आलं. ऑफिसात बसल्या बसल्या निदान केलं. प्रॉब्लेम शाळेचा नाहीच, सकाळचा आहे. घाई, आरडाओरडा, एक मोजा सापडत नाही, त्याचा पोटावर परिणाम. माणूस घाबरतो तो सवय नसते म्हणून. यावर जगात एकच औषध आहे, मॉक ड्रिल. शनिवारपासून रोज सकाळी खऱ्यासारखी शाळेची तयारी करायची. उठणं, अंघोळ, गणवेश, दप्तर, गेट. एकोणतीसपर्यंत पाय आपोआप चालायला लागतील.

संध्याकाळी घरच्यांना योजना समजावली. मी इन्सिडेंट कंट्रोलर, म्हणजे सगळी सूत्रं माझ्याकडे, आणि थोरली फ्लोअर मार्शल, म्हणजे मजला रिकामा करून घेणारी. थोरली नववीत जाणार आहे. तिने विचारलं की फ्लोअर मार्शलला सुट्टीत झोपायची परवानगी असते का. विनोद होता बहुधा.

ता. ६, शनिवार. सकाळी

पहिलं ड्रिल. कंपनीतला जुना गॅसचा हॉर्न वाजवला. थोरली कुशीवर वळली. बारक्या बाथरूममध्ये शिरला आणि आतून कडी लावून बसला. ही नाइट करून नुकतीच पडली होती, ती उठली.

खालच्या मजल्यावरचे काका मात्र मांजर बगलेत मारून, कागदपत्रांची पिशवी गळ्यात अडकवून, अनवाणी रस्त्यावर. सगळ्या इमारतीत तयारीचा माणूस हा एकच. वरूनच त्यांचं अभिनंदन केलं. त्यांनी दिलेलं उत्तर इथे लिहीत नाही.

हॉर्न माळ्यावर ठेवला. हा माघार घेण्याचा प्रकार नव्हे. साध्या शिट्टीनेही काम होतं.

ता. ७, रविवार

ही दिवसभर बोलली नाही.

ता. १०, बुधवार

मोठी प्रगती! बारक्या आपण होऊन उठला, दात घासले, जुना गणवेश घातला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, बाबा, आज पटकन झालं ना? पोट दुखल्याचं नाव नाही. मग अंगणात गेलो, इमारतीला एक फेरी मारली, ड्रिल समाप्त असं मी जाहीर केलं आणि जिन्यावरून शर्यत लावून वर आलो. तो जिंकला. खूप हसला. असा हसलेला मी त्याला कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. मलाही फार बरं वाटलं.

हिला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, बोललास का त्याच्याशी? या बाईला आकडे दाखवा, पुरावे दाखवा, हिचं आपलं एकच पालुपद.

ता. १३, शनिवार

घरभर जमिनीवर बाण चिकटवले. अंधारात चमकणारी टेप, कंपनीत उरलेली. पलंग ते बाथरूम हिरवे बाण, बाथरूम ते कपाट पिवळे, कपाट ते चपलांचा स्टँड लाल. डोळे मिटून माणूस शाळेसाठी तयार होऊ शकेल.

थोरलीच्या दप्तराला चमकती पट्टी लावली होती, ती तिने कात्रीने काढली. कारण विचारलं तर म्हणाली, मी रस्त्याचं काम करायला चाललेले नाहीये. बारक्याने मात्र आणखी एक पट्टी मागून घेतली. सहकार्य म्हणतात ते हे.

थोरली म्हणते तिचे बूट फाटलेत आणि कंपासपेटी मोडलीय. ते सगळं दुसऱ्या टप्प्यात.

ता. १४, रविवार

ही पहाटे बाथरूमला जायला उठली आणि बाण बघत चपलांच्या स्टँडवर जाऊन आदळली. गुडघा सुजलाय. चूक बाणांची नाही, हिरवे सोडून लाल धरले. हे बोलून दाखवलं नसतं तर बरं झालं असतं.

ता. १७, बुधवार

आज ड्रिल थेट नव्या शाळेच्या गेटापर्यंत. मनात जरा धाकधूक होती, म्हणजे बारक्याबद्दल. पण पठ्ठ्या गाणं गुणगुणत चालत होता. शाळा बंद, गेटला कुलूप. गेटच्या बाजूला विजेचा खांब आहे, तो आमचा असेंब्ली पॉइंट, म्हणजे जमायची जागा, ठरवला. बारक्या खांबाला पाठ लावून ताठ उभा राहिला. मी मोठ्याने हजेरी घेतली. एकच नाव होतं. हजर, म्हणाला. मग ड्रिल समाप्त, आणि घरापर्यंत शर्यत.

वॉचमन आतून बघत होता. त्याने विचारलं, साहेब, शाळा बंद आहे, ठाऊक आहे ना? त्याला सगळी पद्धत समजावून सांगितली. त्याने मान हलवली आणि खुर्ची उचलून आतल्या बाजूला नेली.

ता. १८, गुरुवार

थोरलीने जेवताना विषय काढला. म्हणे, बाबा, बारक्याला सांगितलंयस का शाळा कधी सुरू होणार ते? मी म्हटलं, नाही, आणि तूही सांगायचं नाहीस. ही ताट तसंच ठेवून माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा दोघींना नीट समजावलं की ड्रिलचा पहिला नियमच हा आहे. ड्रिल आहे की खरं, हे माणसांना आधी कळू द्यायचं नसतं. कळलं की खऱ्याच्या दिवशी घाबरतात. कळलं नाही तर खऱ्याच्या दिवशीसुद्धा ड्रिल समजून शांतपणे सगळं करतात. पुस्तकात आहे हे.

ही म्हणाली, तो कामगार नाही, आपला मुलगा आहे. त्याला सांगावं लागेल की तू त्याला तिथे सोडून येणार आहेस. मी म्हटलं, योग्य वेळी सांगीन. ती म्हणाली, मी सांगू का? नको म्हटलं. एका साइटवर दोन कंट्रोलर असले की गोंधळ होतो. शिवाय आता कुठे त्याच्या तोंडावर हसू दिसायला लागलंय, ते एवढ्यात कशाला घालवायचं?

ता. २०, शनिवार

कंपनीत अप्रिय प्रसंग. पॅकिंगच्या खोलीत वायर जळून धूर झाला. सगळे कामगार हसत, गप्पा मारत, रांगेत बाहेर आले. इतकं शिस्तीत की मी हातात घड्याळ धरून पाहतच राहिलो. आजवरचा सर्वोत्तम वेळ! फक्त अग्निशमन दलाला कोणी फोन केला नाही. सगळ्यांना वाटलं ड्रिल आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं, कारण आठवड्यात एक घ्यायचंच होतं. खिडकीतून ज्वाळा दिसली तेव्हा गेटवरच्या माणसाने फोन केला.

कोणाला इजा नाही. तरी मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून अर्धा तास फैलावर घेतलं. विचारत होते की ज्याला ड्रिल आणि आग यातला फरक कळत नाही तो कसला सेफ्टी ऑफिसर. सगळी माणसं सुखरूप बाहेर आली, याबद्दल चकार शब्द नाही. चांगल्या कामाची किंमत राहिलेली नाही.

घरी सांगितलं नाही. उगाच काळजी करतील.

ता. २१, रविवार

गणवेश खरेदी. दुकानदार म्हणाला, मुलाला अंगात घालून पाहू द्या. मी म्हटलं, वाढत्या वयाचा आहे, दोन नंबर मोठा द्या. घरी आल्यावर बारक्याने घातला तर शर्ट गुडघ्यापर्यंत आणि बाह्यांत हात सापडेनात. त्याला फार मजा वाटली. बाह्या झुलवत घरभर फिरला. हिने सुईदोरा घेतला आणि दुपारभर बाह्या आत दुमडून शिवत बसली.

नवी पुस्तकंही आली. कव्हरं मीच घालणार होतो, पण कव्हरावर नाव, इयत्ता, रक्तगट आणि तातडीचा संपर्क छापून घ्यायचाय. ऑफिसातला प्रिंटर बंद आहे. तोवर पुस्तकं तशीच.

ता. २३, मंगळवार

संध्याकाळी बारक्या माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ टेपचा गुंडा हातात फिरवत होता. मग विचारलं, बाबा, नव्या शाळेत बाथरूमला जायला बाईंना विचारावं लागतं का? मी म्हटलं, विचारावं लागतंच, शिस्त असते. तो म्हणाला, आणि बाई नाही म्हणाल्या तर? मी म्हटलं, थांबायचं थोडं. तो म्हणाला, थांबता नाही आलं तर सगळे हसतात.

मी म्हटलं, कोण हसतं? तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचा फोन आला, धुराच्या रिपोर्टबद्दल. परत आलो तेव्हा तो खेळायला गेला होता.

शाळेचा नकाशा काढून त्यावर बाथरूम लाल खुणेने दाखवायचं ठरवलं. विषय संपला.

नंतर: नकाशा काढताना सारखं वाटत होतं की त्याला अजून काही सांगायचं होतं. उद्या विचारतो.

ता. २५, गुरुवार

विचारायचं राहिलं. रिपोर्ट पुन्हा लिहून मागितलाय.

ड्रिल मात्र अप्रतिम. आता शिट्टीही लागत नाही. खांबाजवळ उभा राहून आज त्यानेच माझी हजेरी घेतली.

हिने आज सरळच विचारलं, सांगितलंस का? मी हो म्हणालो. म्हणजे सांगणार आहे हे नक्की, मग आज हो म्हटलं काय आणि रविवारी म्हटलं काय! ती म्हणाली, रडला का? नाही म्हटलं. तिचा जीव भांड्यात पडला. पलंगावर बसून राहिली आणि म्हणाली, मला उगाच वाटत होतं तुला जमणार नाही.

मध्यरात्र झाली, झोप लागत नाही. उकडतंय.

ता. २७, शनिवार

थोरलीला तिच्या आईने बूट आणून दिले. कंपासपेटी मैत्रिणीकडून मिळाली. पुस्तकांची कव्हरंही तिने घातली, स्वतःची आणि बारक्याचीही, साध्या कागदाची. रक्तगट नाही. माझा दुसरा टप्पा परस्पर उरकला गेला, चांगलंच झालं.

आज सांगणार होतो. गेटवरून परत येताना शर्यतीत तो पुढे पळाला आणि वळून ओरडला, बाबा, तू सगळ्यात भारी आहेस! अशा वेळी कसं सांगायचं? कोणीही सांगितलं नसतं.

ता. २८, रविवार

सकाळी सांगणार होतो. सकाळी ही घरात होती.

दुपारी तो झोपला. झोपेतून उठवून असलं काही सांगू नये.

संध्याकाळी त्याला घेऊन बागेत गेलो. झोपाळ्यावर बसवलं. तोंड उघडलं. तो म्हणाला, बाबा, जोरात दे ना. जोरात दिला. बराच वेळ देत होतो. अंधार पडला म्हणून घरी आलो.

विचार केल्यावर लक्षात येतं की न सांगणं हेच शास्त्राला धरून आहे. उद्या त्याला नेहमीसारखंच वाटेल. खांब, हजेरी, आणि मग मी सहज म्हणेन, जा बेटा आत. पाय आपोआप जातील. सवय म्हणजे सवय.

ता. २९, सोमवार. सकाळी

ही पहाटेच गेली. जाताना बारक्याच्या केसांवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, पोचलास की फोन कर. थोरली आपली आपण उठून, डबा भरून, नव्या बुटांत निघून गेली. कधी गेली ते कळलंही नाही.

बारक्या तयार. शर्ट आत, लेस बांधलेली, पाण्याची बाटली भरलेली. एकही चूक नाही. निघतोय. परत आलो की सविस्तर लिहितो. कदाचित या पद्धतीवर कंपनीच्या मासिकात लेखही देता येईल.

दुपारी

लिहितो.

गेटवर ही गर्दी. आईबाप, गाड्या, दप्तरं, कोणाकोणाचं रडणं. बारक्या थेट खांबाजवळ गेला आणि ताठ उभा राहिला. इकडे बघ, तिकडे बघ. डोळे मोठे झालेले, पण भीती अजिबात नाही. मग माझा हात ओढून हळूच म्हणाला, बाबा, आज एवढी माणसं तू आणलीस?

मी त्याच्या दप्तराचा पट्टा सरळ केला.

तो म्हणाला, ती रडणारी मुलगी पण आपल्या ड्रिलमधली आहे का? छान करतेय.

घंटा वाजली. मुलं आत जायला लागली. एक बाई गेटात उभ्या राहून हसऱ्या चेहऱ्याने मुलांना बोलावत होत्या, आमच्याकडेही बघून त्यांनी हात केला. आता म्हणायचं होतं. जा बेटा आत, एवढंच.  बारक्या माझ्याकडे बघत होता, शाबासकीची वाट बघत. वॉचमनने गेटाची एक बाजू लावली. बारक्या म्हणाला, झालं ना? आजचं सगळ्यात भारी झालं ना?

मी म्हटलं, हो. सगळ्यात भारी. ड्रिल समाप्त.

घरापर्यंत शर्यत लावली. मला पळवेना.

हिचा फोन आला तेव्हा तो कपडे बदलून चित्रं काढत बसला होता. हिने विचारलं, गेला आत? मी म्हटलं, अगदी वेळेत पोचलो. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग कळलं की ती रडतेय. म्हणाली, थँक्यू. बरोबरीच्या नर्सने तिची ड्यूटी घेतलीय, शाळा सुटायच्या वेळी ही परस्पर गेटवर जाणार आहे. पहिल्या दिवशी त्याला घ्यायला मीच जाते, म्हणाली.

नको, मी जातो, असं मी तीनदा म्हणालो. तिने ऐकलं नाही.

मला भीती वाटतेय. इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचणार नाही. मला फार भीती वाटतेय.

संध्याकाळी

शाळा सुटायच्या आधी बारक्याला पुन्हा गणवेश घालायला सांगितला. म्हणाला, परत ड्रिल? मी त्याच्यासमोर बसलो आणि म्हटलं, नाही. आई गेटवर येणार आहे. शाळा सुरू झालीय. आजच झाली. ते सकाळचं खरं होतं.

त्याचा हात पोटावर गेला. मग म्हणाला, मग मला परत का आणलंस?

मी त्याची लेस बांधायला लागलो.

आम्ही पोचलो तेव्हा मुलं बाहेर पडत होती. ही गेटाला लागून उभी होती, नर्सच्या कपड्यांतच, टाचा उंचावून आत बघत. बाहेर येणाऱ्या प्रत्येक मुलाचा चेहरा निरखत होती. आम्ही रस्त्याकडून, तिच्या मागून आलो. बारक्याने आई म्हणून हाक मारली. ती आनंदाने वळली, आणि मग तिने आम्ही कुठून आलो ते बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

वाटेत मी वॉचमनबद्दल, गर्दीबद्दल, गेट लवकर लावल्याबद्दल बरंच सांगितलं. ती बारक्याचा हात धरून पुढे चालत होती.

घरी आल्यावर तिने त्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज ऐकू यायला लागला. मोठा होता, अधूनमधून हुंदका, पुन्हा बोलणं. जुनी शाळा, बाई, बाथरूम, ओली चड्डी, सगळा वर्ग. मी दाराबाहेर उभा राहून सगळं ऐकलं. थोरली येऊन माझ्या शेजारी उभी राहिली, तिनेही ऐकलं, आणि मग ती आत गेली. मला आत जाववलं नाही.

आत्ता जेवताना तिघांचं सगळं ठरलं. उद्या ही रजा टाकणार. बाईंना आधीच भेटून बाथरूमचं सांगणार. बारक्याला खरं काय ते सगळं सांगितलंय, तो रडलाय, आणि मधल्या सुट्टीपर्यंत आई गेटवर बसणार या अटीवर हो म्हणालाय. थोरली आपल्या शाळेत जाण्याआधी त्याला वर्गापर्यंत सोडणार.

उद्या सकाळी माझ्याकडे काय काम आहे, असं मी विचारलं. ही म्हणाली, आम्ही जाईपर्यंत झोपून राहा.